वामनवृक्ष आणि मराठवाड्याचा वैशाख



वसंत व्याख्यानमाला ही कल्पना मूळची पुण्याची. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती तेथे सुरू केली आणि पुढे गावोगावच्या वाचनालयांनी व मंडळांनी ती उचलली. आपल्याकडे ही माला भरते तेव्हा वसंत फक्त पंचांगात असतो. नांदेडला पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असतो. लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षा दोन-अडीचशे मीटर उंच, म्हणून उन्हाचा कडाका तेथे किंचित कमी, पण पाण्याची ओरड अधिक. दिवसभर दारेखिडक्या लावून बसलेली मंडळी दिवेलागणीनंतर बाहेर पडतात आणि मग आमच्यासारख्यांची व्याख्याने ऐकतात. अशा ऋतूत, अशा मुलखात, दोन वीत उंचीच्या झाडांचा इतिहास सांगावयास मी उभा आहे. विषय चैनीचा वाटेल. तो चैनीचा आहे की नाही याचा निर्णय आपण शेवटी करावा. मला तो आपल्या जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो फिरूनफिरून पाण्यापाशी येतो.

बोन्साय हा शब्द जपानी. ‘बोन’ म्हणजे उथळ थाळी किंवा तबक आणि ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. शब्द जपान्यांनी चिनी लोकांकडून घेतला, कलाही त्यांच्याकडूनच घेतली. मराठीत वामनवृक्ष असे म्हणतात आणि तो शब्द मला अधिक आवडतो. बळीच्या दारी आलेला बटू दिसावयास ठेंगणा होता, पण त्याच्या पावलात काय सामर्थ्य होते ते आपण जाणतो. या झाडाचेही तसेच आहे. त्याच्या बियाण्यात काहीएक फरक झालेला नसतो. थाळीतला वड काढून शेताच्या बांधावर लावला, तर काही वर्षांनी तो पारंब्या सोडील आणि त्याच्याखाली बैल बांधता येतील. तो ठेंगणा राहतो तो एवढ्याचसाठी की कोणीतरी वरचेवर त्याचे शेंडे खुडतो आणि दोन-चार वर्षांनी एकदा त्याची मुळे छाटतो.

पुष्कळांची समजूत अशी असते की झाड उपाशी ठेवून, तहानलेले ठेवून खुजे करतात. ही समजूत साफ चुकीची आहे. तहानलेले झाड खुजे होत नाही, ते मरते. आणि उथळ थाळीत ते फार लवकर मरते. बांधावरच्या वडाला दोन पुरुष खोल मुळे सोडून ओल शोधता येते. थाळीतल्या वडाला चार बोटे मातीखेरीज जग नाही. त्याला रोज पाणी कोणीतरी घालावेच लागते. म्हणून या कलेचा इतिहास वाचताना लोक कात्रीकडे पाहतात, तेथे मी झारीकडे पाहतो. कात्री वर्षातून पाच-सात वेळा चालते; झारीला सुट्टी नसते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या पाणी घालणारा हात टिकला, तेथेच ही झाडे टिकली.

आता थोडा इतिहास पाहू. चीनच्या शान्शी प्रांतात थांग राजघराण्यातील झांगहुआय नावाच्या राजपुत्राची कबर आहे. ती इसवी सन ७०६ मधली. १९७०च्या सुमारास ती उकरली गेली. तिच्या भिंतीवर सेवक चितारले आहेत आणि एकाच्या हातात तबक आहे. तबकात लहान खडक आणि इवलीशी झाडे. तबकातल्या झाडांचा इतका जुना दुसरा स्पष्ट पुरावा सहसा दाखविला जात नाही. त्या वेळी आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. जपानात १३०९ सालची एक प्रसिद्ध चित्रगुंडाळी आहे, कासुगा देवस्थानाच्या कथांची. तिच्यात घराच्या आवारात मांडलेली तबकातली झाडे दिसतात. १३०९ म्हणजे देवगिरीचा रामदेवराव यादव दिल्लीचा मांडलिक होऊन अखेरचे दिवस कंठीत होता, तो काळ. दोन्ही चित्रांत झाडाबरोबर माणूस आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

जपानी नाट्यपरंपरेत ‘हाचि नो कि’ नावाचे एक नो नाटक आहे. नावाचा अर्थ कुंडीतली झाडे. कथा साधी आहे. सानो या ठिकाणी एक दरिद्री झालेला सामुराई पत्नीसह राहतो. जमीन नातलगांनी बळकावलेली. पूर्वीच्या वैभवातली तीनच कुंड्यांतली झाडे त्याने जपून ठेवली आहेत: एक प्लम, एक चेरी, एक पाइन. बर्फाच्या रात्री एक वाटसरू भिक्षू दारी येतो. घरात जळण नाही. पाहुणा थंडीने काकडू लागतो, तेव्हा तो गृहस्थ ती तिन्ही झाडे तोडून शेकोटीत घालतो. भिक्षू म्हणजे वेष पालटून फिरणारा माजी राज्यकारभारी होजो तोकियोरी असतो, आणि पुढे तो त्या सामुराईला त्याची जमीन परत देऊन त्या तीन झाडांची नावे ज्यांत आहेत अशी तीन गावेही इनाम देतो. इनामाचा भाग नाटकाला शोभतो. पण माझ्या मनात राहतो तो कुऱ्हाड उचलण्याचा क्षण. ज्या लोकांनी ही कला शिखराला नेली, त्यांनीच तिच्याविषयी रचलेली ही कथा आहे आणि तिच्यात माणूस आधी, झाड नंतर. ही गोष्ट लक्षात ठेवावी. लातूरकडे येताना तिची गरज लागेल.

दुसऱ्या टोकाची हकीकत हिरोशिमाची. तेथील यामाकी घराण्यात एक पाइनचे झाड होते. त्याची थाळीतली जोपासना १६२५ पासूनची मानतात. शिवजन्माला अजून पाच वर्षे होती आणि खडकीला नहरीचे पाणी आणणारा मलिक अंबर अजून हयात होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, त्या ठिकाणापासून यामाकींचे घर सुमारे तीन किलोमीटरांवर. घराच्या काचा फुटल्या. बागेच्या भिंतीआड असलेले ते झाड वाचले. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा यामाकींनी तेच झाड अमेरिकेला भेट दिले. ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. देताना बॉम्बविषयी गाजावाजा झाला नाही. २००१ साली यामाकींचे नातू झाड पाहावयास तेथे गेले, तेव्हा ही कथा उद्यानातील मंडळींना कळली. बॉम्बची गोष्ट सगळे सांगतात. मला विचारावेसे वाटते ते बॉम्बनंतरच्या दिवसांचे. उद्ध्वस्त शहरात, ऑगस्टच्या उन्हात, त्या झाडाला पाणी कोणीतरी घातलेच असले पाहिजे. नाहीतर भिंतीने बॉम्बपासून वाचविलेले झाड उन्हाने नेले असते.

टोकिओच्या राजवाड्यातही एक पाइन आहे. तिसरा शोगून इएमित्सु याच्या आवडीचे म्हणून परंपरेने ते ओळखले जाते. शोगून गेले, सम्राट परतले, युद्ध झाले, पराभव झाला. झाड थाळीत आहे. आणि १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने टोकिओ उद्ध्वस्त झाले तेव्हा तेथले व्यावसायिक बोन्सायकार शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ पासून तेथे त्यांची वसाहत झाली. मोकळी जागा, चांगली हवा आणि चांगले पाणी, एवढे पाहून त्यांनी ती जागा निवडली. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली, त्या लातूर-उस्मानाबादच्या लोकांना भूकंपानंतर गाव उठून दुसरीकडे बसणे म्हणजे काय ते सांगावयास नको.

आता आपल्या देशाकडे येऊ. येथे एक दावा वारंवार ऐकू येतो, की ही कला मुळात भारताची. आपले ऋषी आणि वैद्य औषधी वृक्ष कुंडीत ठेंगणे करून बरोबर नेत असत आणि तेथून ती चीनला गेली. ऐकावयास बरे वाटते. परंतु चीनच्या त्या भिंतीसारखा, जपानच्या त्या गुंडाळीसारखा पुरावा या दाव्याच्या बाजूने पुढे आलेला मला दिसत नाही, आणि अभिमानासाठी इतिहास वाकवू नये. आपल्याकडे जे निःसंशय आहे ते वेगळे आहे आणि कमी मोलाचे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. तो सांगतो: लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळी व संध्याकाळी पाणी घालावे, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच. त्याच अध्यायात रोगट झाडाचा इलाज आहे: प्रथम शस्त्राने वाईट भाग काढून जखम स्वच्छ करावी, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी शिंपावे. म्हणजे छाटणी, जखमेची मलमपट्टी आणि सकाळ-संध्याकाळचे पाणी, ही तिन्ही सूत्रे दीड हजार वर्षांपूर्वी अवंतीच्या एका ज्योतिष्याने लिहून ठेविली. वामनवृक्षाचा उल्लेख त्यात नाही; पण उन्हाळ्यात वामनवृक्ष जगविण्याचे जवळजवळ सर्व शास्त्र त्यात आहे. तुपाच्या जागी आज आमचा बागाईतदार मोरचूद आणि चुना यांची बोर्डो पेस्ट लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लेपाचे काम तेच, जखमेवाटे बुरशी आत जाऊ न देणे.

सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा दुसरा ग्रंथ. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती आणि १९९६ साली तो इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध झाला तो सिकंदराबादला, आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानच्या राजधानीला खेटून. त्यातले कुणपजल, म्हणजे मांस, चरबी वगैरे कुजवून केलेले प्रवाही खत, हल्ली हौशी लोकांत पुन्हा चर्चेत आहे. वैशाखात मात्र कोणतेही जळजळीत खत थाळीत घालू नये एवढे सांगून पुढे जातो.

पण ग्रंथांहून जवळचा पुरावा आपल्या दारात आहे. तो म्हणजे तुळशीवृंदावन. मर्यादित मातीत लावलेले एक रोप, ठरलेली जागा, आणि रोज सकाळी स्नान झाल्यावर त्याला पाणी घालणारी घरची बाई. ही रीत मराठी घरात किती शतके चालली आहे! देवांना घातलेल्या स्नानाचे पाणी वाया न जाता तुळशीला जाते. पूजेसाठी मंजिऱ्या खुडल्या जातात, आणि शेंडा खुडला की खालून फुटवे येतात, रोप दाट होते, बी धरण्यात त्याची शक्ती जात नाही. जपानी माळी पाइनचा कोंब चिमटीत धरून मोडतो, त्याच चिमटीने आमची आजी मंजिरी खुडीत आली आहे. तिला कोणी कलावंत म्हटले नाही, ही निराळी गोष्ट. तसेच शंकराच्या पिंडीवरची गळती पाहा. बुडाला बारीक भोक पाडलेले भांडे तिवईवर टांगावयाचे आणि थेंबथेंब पाणी पडू द्यावयाचे. ठिबकच्या नळ्या शेतात आल्या त्याच्या कितीतरी आधी हे तत्त्व आपल्या देवळांत टांगलेले होते, आणि गावाला जाताना थाळीवर असेच एक गाडगे टांगून जाणारा माणूस झाड वाचवितो.

आणखी एक गुरू आहे, तो भिंतीवर राहतो. कंधारचा किल्ला पाहा, औशाचा पाहा, येथल्या नंदगिरी किल्ल्याचे उरलेले तट पाहा. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. त्या लत्तलूरची, म्हणजे लातूरची, आणि कंधारची नावे त्या काळापासूनची. राज्ये बदलली, निजामाचा अंमलही १७ सप्टेंबर १९४८ ला संपला, आणि तटांच्या सांध्यांत पिंपळ-वड रुजत राहिले. पाखरे फळ खातात, बी सांध्यात टाकतात, चुन्याच्या ओलीवर ते रुजते. मूठभर मातीत ते झाड वीस वीस वर्षे हातभर उंचीचे राहते. खोड मात्र म्हाताऱ्या वडासारखे सुरकुतलेले. निसर्गाने घडविलेला हा वामनवृक्ष आहे, आणि मराठवाड्यातल्या हौशी माणसाला रोपवाटिकेत जाण्याआधी आपल्याच वाड्याची पडकी भिंत पाहावयास हरकत नाही. भिंतीचेही भले होते, कारण तीच मुळे पुढे दगड फोडतात. संरक्षित किल्ल्यावरचे झाड मात्र आपल्या मर्जीने उपटावयाचे नसते. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि चुकीच्या ओढीने तटाचा दगडच खाली यावयाचा. या भिंतीवरच्या पिंपळाला उन्हाळ्यात पाणी कोण घालतो? कोणीही नाही. फाल्गुन-चैत्रात तो पाने टाकतो आणि दगडाआडची थोडी ओल पुरवून वापरतो. थाळीत आल्यावर त्याला ती दगडाआडची ओल राहत नाही. मग जबाबदारी आपली.

येथे लातूरची १६ सालची हकीकत सांगणे प्राप्त आहे. लागोपाठ पावसाने दगा दिला होता. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमाव होऊ नये म्हणून जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. ११ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन आगगाडी निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाणी पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या आणि एकेका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांवर होती. हिशेब करून पाहा: पहिल्या गाडीने आणलेले पाणी माणशी सव्वा लिटरहून थोडे अधिक. एक फूट लांब, आठ इंच रुंद, दोन इंच खोल अशा थाळीतल्या वडाला वैशाखात सकाळी आणि संध्याकाळी मिळून जेवढे पाणी लागते, तेही साधारण तेवढेच.

हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. एका थाळीचे पाणी म्हणजे त्या दिवशीचा एक माणूस. अशा वेळी नळाचे, टँकरचे, पिण्याचे पाणी थाळीत ओतणारा माणूस कलेचा उपासक नव्हे. सानोच्या त्या सामुराईने झाडे शेकोटीत घातली, त्याला आपण मोठा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण येथे एक फरक आहे. बर्फाच्या रात्री लाकूड एकदाच जळते. पाणी मात्र घरात दोनदा वापरता येते. तांदूळ धुतलेले पाणी, डाळ-भाजी धुतलेले पाणी, वातानुकूलन यंत्राच्या नळीतून थेंबथेंब गळणारे पाणी, हे माणसाच्या तोंडचे काढून घेतलेले नसते. तीन-चार थाळ्या एवढ्या पाण्यावर वैशाख काढतात. तेवढ्याच थाळ्या ठेवाव्यात. ज्यांच्या गच्चीवर साठ-सत्तर थाळ्या आहेत त्यांनी पावसाळ्यात आपल्या छपराचे पाणी टाक्यात धरावे, नाहीतर झाडे वाटून टाकावीत. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात बोन्सायचे मोठे आंतरराष्ट्रीय संमेलन व प्रदर्शन भरले होते. संमेलने फेब्रुवारीतच भरवावीत. मराठवाड्याच्या मे महिन्यात जे झाड हिरवे असते त्याला प्रदर्शनाची गरज नसते.

पाणी सांगितले म्हणून पाण्याची जातही सांगतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा क्षारांचे असते. थाळीच्या काठावर पांढरा थर धरतो तो त्याचाच. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र जे पाणी बाहेर टाकते त्यात तर क्षार अधिकच. ते फरशी पुसावयास वापरावे, थाळीत नको. काठ पांढरे होऊ लागले तर पावसाळ्यात थाळी उघड्यावर ठेवून माती भरपूर धुऊ द्यावी.

मातीची गोष्ट आपल्याकडे विशेष आहे. आपली काळी जमीन कापसाला, तुरीला, सोयाबीनला सोने; थाळीला मात्र ती घातक. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच भेगा थाळीतही पडतात, मातीचा गोळा काठापासून सुटतो, आणि ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकात जाते. वरून पाहणाऱ्याला वाटते पाणी पोहोचले, मुळे कोरडीच. कितीतरी झाडे अशी रोज पाणी मिळूनही मेलेली असतात. म्हणून काळी माती अगदी थोडी, आणि बाकी चाळलेला मुरूम, विटांचा बारीक चुरा व चांगले कुजलेले शेणखत. जपानी लोक आपली खास दाणेदार माती वापरतात. आपल्या गावाबाहेरच्या वीटभट्टीवर फुटक्या विटांचा ढीग असतोच. विटेचा दाणा पाणी धरतो आणि हवाही खेळू देतो. थाळी कोरडीठाक पडलीच, तर वरून ओतत बसू नये. पाण्याने भरलेल्या घमेल्यात ती काठापर्यंत बुडवावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी.

जागा निवडताना पाहा की सकाळचे ऊन मिळावे आणि अकरानंतरचे चुकावे. गच्चीच्या स्लॅबवर दुपारी पाय ठेववत नाही, तेथे थाळी ठेवणे म्हणजे मुळे तव्यावर ठेवणे. दोन विटा देऊन थाळी उचलावी, खाली वाळूचे तबक ओले ठेवावे. हिरवी जाळी मिळते तशी तुराट्यांचा मांडवही चालतो, आणि मला विचाराल तर तुराट्यांखालची सावली अधिक थंड. पाणी सूर्योदयाच्या सुमारास आणि मावळल्यावर. वराहमिहिराची वेळ अजून चुकीची ठरलेली नाही.

आता कात्री. येथे आपल्या शेतकऱ्यांचे दोन धडे आहेत आणि दोन्ही उलट्या दिशेने नेतात, म्हणून जपून घ्यावे लागतात. लातूर-औसा भागातले द्राक्षबागाईतदार ऐन एप्रिलात वेल खरडून छाटतात. तिला खरड छाटणीच म्हणतात. ऑक्टोबरची ती गोडी छाटणी. उन्हाळ्यात फुटलेल्या नव्या काड्यांना कडक ऊन मिळाले की त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाची तयारी होते, असे त्यामागचे कारण. दुसरा धडा मोसंबीवाल्यांचा: मृग बहार धरावयाचा तर ते एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून झाडाला ताण देतात. हे ऐकून एखादा हौशी माणूस वैशाखात आपला वड खरडतो आणि वर ताणही देतो. दोन्ही घात. द्राक्षाच्या मुळांना खोल जमीन आहे आणि ठिबकची नळी आहे. मोसंबीच्या झाडाखाली वाफाभर माती आहे. ताण थोडाफार मानवतो तो थाळीतल्या बोगनवेलीला. तिला फुले त्यावरच येतात.

माझ्या मते आपल्या हवेत उन्हाळ्याची छाटणी उन्हाळ्याआधी करावी. फाल्गुनात किंवा चैत्राच्या आरंभी वाढलेले शेंडे, आत वळलेल्या व एकमेकींवर आलेल्या काड्या हलक्या हाताने काढाव्यात. पाने कमी झाली की तितके पाणी कमी उडते. थोड्या पाण्याच्या घरात हा नफा मोठा आहे. सशक्त वड-उंबराची मोठी पाने याच वेळी देठ ठेवून खुडली तर नवी पाने बारीक येतात, पण अशक्त झाडाच्या वाटेस जाऊ नये. पिंपळ आपली पाने स्वतःच टाकतो, त्याला मदत लागत नाही. चैत्र सरला की जाड फांदी कापू नये. जखमेतून चीक वाहतो, आणि ज्या पानांची सावली खोडावर नि मातीवर पडत होती ती गेल्यामुळे साल उन्हाने भाजते. वैशाख-ज्येष्ठात बोटांनी कोवळा शेंडा मोडावा, वाळकी काडी काढावी, तारेने बांधलेली फांदी असेल तर तार सालीत रुतते का ते पाहावे, बस्स. दुपारी मान टाकलेले झाड पाहून घाईने पाणी ओतू नये. ते आधी सावलीत न्यावे, पानांवर तुषार मारावा, माती निवली की मग पाणी.

काही घरांत बोन्साय अशुभ मानतात. झाडाची वाढ खुंटविली तर घराची खुंटते म्हणतात. बांधून ठेवलेल्या झाडाविषयी कोणाला वाईट वाटले तर त्या भावनेचा मी अनादर करीत नाही. परंतु चारशे वर्षे जगलेल्या पाइनला वाढ खुंटलेला म्हणणे मला जमत नाही, आणि आपण ज्या तुळशीला रोज हात जोडतो तिचीही मंजिरी आपणच खुडतो. अशुभ काही असेल तर हौसेने आणून एप्रिलात गावी निघून गेलेल्या घराच्या खिडकीतले वाळलेले झाड.

मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते. पाऊस त्याच दिवशी येईल असे नाही. दोन चांगल्या सरी होऊन हवेत ओल येईपर्यंत थाळी बदलण्याचे काम थांबवावे. मग वड, पिंपळ, उंबर थाळीबाहेर काढून मुळांचा बाहेरचा तिसरा हिस्सा छाटावा, जुनी माती झटकावी, मुरूम-विटेचे नवे मिश्रण भरावे, आणि पंधरा दिवस झाड आडोशाला ठेवावे. चैत्रात सोडून दिलेली जाड फांदी कापावयाची असेल तर ती थाळी बदलण्याबरोबर नको. नवी फूट दिसू लागल्यावर, श्रावणाच्या सुमारास कापावी.